पालिकेच्या शाळा विसरलात का?

‘बाहेरून येणाऱ्याला मुंबई काही देत नाही, ज्याचं त्याने बघायचं’ असं या चर्चेत दोघातिघांनी म्हटलंय. घर-पाण्याबाबत बरंचसं मान्य. २००० नंतरच्या झोपड्यांना अधिकृत नळजोडणी मिळतच नसे. २०१४ मध्ये उच्च न्यायालयाने कान टोचल्यावर पालिकेला धोरण बदलावं लागलं. पण शाळांचं काय? मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, तमिळ, तेलुगू, कन्नड आणि इंग्रजी अशा आठ माध्यमांत शिकवणारी ही पालिका आहे, आणि हे आजकालचं नाही.

सायनला आमच्या शेजारणीची दोन्ही मुलं पालिकेच्या तमिळ माध्यमात शिकली. एकाच इमारतीत खाली मराठीचे वर्ग, वर तमिळचे. मधल्या सुट्टीत खिचडीची रांग मात्र एकच, आणि मध्ये घुसणाऱ्याला ‘ए, मागे हो’ हे मराठीतूनच. (शिव्याही मराठीच, ते असो.) मराठी विषय होताच, पण पोरांची जीभ वळली ती त्या रांगेत. आता मात्र पालकांनाच इंग्रजी हवंय. त्याच शेजारणीची नात इंग्रजी माध्यमात जाते, तेही खाजगी शाळेत.