पंपाला व्हीएफडी, पण बचत कुठे?

आपल्या अंबडच्या कारखान्यात गच्चीवरील टाकी भरणाऱ्या पंपाला व्हीएफडी (विजेची वारंवारता बदलून मोटरचा वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह) बसवूनही वीजबिल फारसे उतरले नाही, असे आपण लिहिले आहे. मला दोष ड्राइव्हचा वाटत नाही. वेग 50 वरून 40 हर्ट्झवर आणला की वीज निम्म्यावर येते, हा घनाचा नियम (वीज वेगाच्या घनाप्रमाणे घटते) कूलिंग टॉवरच्या पंख्याला किंवा बंद वळशात पाणी फिरवणाऱ्या पंपाला बऱ्यापैकी लागू पडतो, कारण तिथे विरोध मुख्यतः घर्षणाचा असतो; टाकी भरताना मात्र पाणी ठरावीक उंचीवर चढवावेच लागते. पंपाचा दाब वेगाच्या वर्गाप्रमाणे घटतो. म्हणजे प्रवाह शून्य असताना 50 हर्ट्झवर 30 मीटर दाब (म्हणजे पाणी तितके उंच चढवण्याइतका) देणारा पंप 40 हर्ट्झवर जेमतेम 19.2 मीटर देईल, आणि टाकी 20 मीटर उंच असेल तर पंप फिरत राहील, वीज खाईल, पण थेंबभर पाणी वर जाणार नाही. (असा पंप तापतोही, याकडे कृपया दुर्लक्ष करू नये.) म्हणून केवळ अँपिअर पाहू नयेत; निरनिराळ्या वेगांवर दर हजार लिटरमागे किती युनिट लागतात, ते एनर्जी मीटर आणि फ्लो मीटर लावून मोजावे. झडप पूर्ण उघडी ठेवूनच पंप चालत असेल, तर योग्य मापाचा पंप पूर्ण वेगाने थोडा वेळ चालवणे अधिक किफायतशीर ठरू शकते.