कलमाच्या सुरीला खैराचं म्यान केलं, पातं काळं पडलं. आता कुठलं लाकूड घेऊ?

कलमकाडी, देवगड:

नमस्कार मंडळी. माझ्याकडे बाबांची कलमाची सुरी आहे. गावच्या लोहाराने गाडीच्या कमानपाट्यातून ठोकून काढलेली. पातं चार इंच, रुंदी पाऊण इंच, पाठीला अडीच मिलिमीटर, मूठ फणसाची. बाबा ती फडक्यात गुंडाळून ठेवायचे. आता ते नाहीत, सुरी माझ्याकडे आली. आषाढ-श्रावणात आंब्याची कोय कलमं, म्हणजे कोयीच्या रोपाला चांगल्या झाडाची काडी, बांधायला बसलो की दिवसाला शंभर-सव्वाशे काप द्यावे लागतात आणि प्रत्येक काप एका ओढीत गुळगुळीत उतरावा लागतो. धार बसली की काडी चिरडते आणि कलम जगत नाही. म्हणून यंदा ठरवलं की हिला नीट घर करून द्यायचं.

फाल्गुनात कुंपणातला खैर तोडला होता, त्याचाच तुकडा घेतला. कठीण, लाल, देखणा. मधोमध कापून दोन फाळ्या केल्या, दोन्ही कोरल्या, सुतारी गोंदाने चिकटवल्या. चैत्रात सुरी सरकन आत जायची, सरकन बाहेर यायची. मे महिन्यात आवळायला लागली. आषाढात कामाला काढायला गेलो तर निघेचना. डाव्या मुठीत म्यान घट्ट धरून ओढली, तर धार सांध्यातून बाहेर. दोन बोटांना मिळून पाच टाके पडले. ते भरून येतील, पण पातं बघितल्यावर पोटात गोळा आला. लाकूड टेकलं होतं तिथे तिथे निळे-काळे डाग आणि धारेवर बारीक खड्डे. बाबांनी इतकी वर्षं जपलेली वस्तू मी चार महिन्यांत बिघडवली, हे मनातून जात नाही.

म्यान मला करायचंच आहे. लाकूड कुठलं घेऊ? सांधा कसा करू, की परत बोटं कापणार नाहीत? आणि हे डाग जातील का?

सुताराची लेक, वेंगुर्ला:

दादा, टाके निघेपर्यंत हात पाण्यात घालू नका. सुरी पळून जात नाही.

खैर म्हणजे कात. त्याच्या गाभ्याचे ढलपे उकळूनच कात काढतात. कातात, हिरड्यात, बाभळीच्या सालीत जो तुरटपणा असतो तो टॅनिनचा. ओलाव्यात ते लोखंडाला भेटलं की काळं होतं. पूर्वी हिरडा आणि लोखंड वापरून शाई करत, तीच शाई तुमच्या म्यानात झाली. ऐन आणि किंजळ ही लाकडंसुद्धा याच कारणासाठी टाळा. लाकूड वाईट नाही, पण लोखंडाशी त्याचं जमत नाही.

आवळण्याचं कारण वेगळं. फाल्गुनात तोडलेला खैर तुम्ही लगेच कोरलात. लाकूड कच्चं होतं, उन्हाळाभर वाळत आणि आकसत गेलं, तशी खाचही आकसली. मे महिन्यातच आवळायला लागली होती, तेव्हा पावसाचं नाव उगाच घेऊ नका.

माझे वडील असल्या कामाला शिवण घेत. हलकी, पटाशीला मऊ, आणि एकदा वाळली की फारशी हलत नाही. शिवण मिळाली नाही तर पांगारा. सावंतवाडीची लाकडी फळं आणि खेळणी पूर्वापार पांगाऱ्याची करत. पांगारा इतका मऊ की नखाने ओरखडा उठतो, म्हणून त्याच्या भिंती जाड ठेवायच्या. कुठलंही घ्या, पण वर्षभर माळ्यावर सुकलेलं घ्या.

आता करायचं कसं. तुमची सुरी एका अंगाने सपाट आणि एकाच अंगाने धार दिलेली असणार, कलमाची बहुतेक असते तशी. मग दोन्ही फाळ्या कोरायचं कारणच नाही. सपाट अंग एका कोऱ्या फाळीवर टेकू द्या, सगळी खाच दुसऱ्या फाळीत कोरा. मेहनत अर्धी होते आणि सपाट अंगाला नीट बैठक मिळते. दोन्ही फाळ्या एकाच तुकड्यातून काढा, रेषा पात्याच्या लांबीने जाऊ द्या, आणि कापताना जशा होत्या तशाच परत जोडा. दोन वेगळ्या तुकड्यांच्या असल्या तर एक इकडे वाकते, एक तिकडे.

पातं फाळीवर ठेवून टोकदार पेन्सिलीने रेघ मारा. पाठीच्या बाजूने रेघेला धरून कोरा. धारेच्या बाजूने मात्र रेघेबाहेर दोन मिलिमीटर जागा सोडा, कारण धार कुठेच टेकता कामा नये. सुरी धरून ठेवायचं काम तोंडाशी पहिल्या अर्ध्या इंचात होतं, बाकी पातं आत मोकळं राहतं. खोली पाठीकडे अडीच मिलिमीटर आणि धारेकडे कमी, म्हणजे खाच उतरती येते. मग वडिलांची युक्ती. पणती पेटवा, पातं ज्योतीवर उंच धरून नुसती काजळी घ्या. पातं तापू देऊ नका, नाहीतर पाणी उतरेल, म्हणजे पोलाद मऊ पडेल. फाळ्या हाताने दाबून धरा, सुरी एकदा आत घालून बाहेर काढा आणि फाळ्या उघडा. काळा ठिपका उठला तिथे लाकूड चावतंय. तेवढंच पटाशीने खरवडायचं आणि परत काजळी. मी शेवटचं म्यान केलं तेव्हा अकरा वेळा उघडलं होतं. खाचेत पॉलिश पेपर अजिबात नको, त्याचे कण लाकडात रुततात आणि रोज धार खातात. शेवटी ओलं फडकं खाचेतून फिरवा, उठलेले तंतू वाळले की खरवडून टाका.

गोंदाबद्दल माझं मत ठाम आहे. भाताची खळ वापरा. जपानात तलवारींची लाकडी म्यानं भाताच्या खळीनेच जोडतात, कारण आत गंज धरला तर सांधा उघडून साफ करता येतो. मऊ भात फळीवर चपट्या काठीने घोटत राहायचा, एकही शीत दिसेनासं होईपर्यंत. पाणी घालू नका. फक्त कडांना लावा, सुंभाने आवळून बांधा, सुंभाखाली पाचरी मारा, दोन दिवस हलवू नका.

आणि धारेकडची भिंत किमान आठ मिलिमीटर ठेवा. म्यान मुठीत कधी धरायचं नाही. पाठीच्या बाजूने चिमटीत धरून अंगठ्याने सुरी पुढे रेटायची. हे पोराबाळांनाही शिकवा.

निळे डाग राहिले तर राहू देत, ते पुढे खात नाहीत. तांबडा गंज मात्र तेल लावून बारीक दगडाने काढा. खड्डे धार दिलेल्या अंगाने घासत जाऊन संपवायचे. सपाट अंग दगडावर फक्त टेकवा.

आकडीकोयता, राजापूर:

लेकीने सांगितलं त्यात काढण्यासारखं काही नाही, मी माझं थोडं जोडतो. आमच्याकडे कोयता कमरेच्या आकडीत अडकवतात, झाकत नाहीत. माझे आजोबा म्हणायचे, "सुरयेक वारो लागाक होयो." म्हणून म्यान ने-आण करण्यापुरतंच. पावसाळ्यात रात्री सुरी त्यात ठेवू नकोस पोरा. पुसून, शिलाई मशीनच्या तेलाचा हात फिरवून उघडी टांग. खोबरेल नको, ते चिकट होतं आणि खवट वास धरतं. सकाळी काप देण्याआधी स्पिरिटने पूस, काडीच्या कापाला तेल लागलं तर सांधा धरायचा नाही.

म्यानाच्या टोकाशी चार मिलिमीटरचं भोक पाड. पाणी शिरलं तर खाली गळून जाईल.

सागवानही चालतं. त्यात तेल असतं, त्यामुळे त्यातले लोखंडी खिळे सहसा गंजत नाहीत. मुंबईच्या गोदीत १८१७ साली बांधलेलं त्रिंकोमाली हे सागवानी जहाज आजही इंग्लंडात हार्टलपूलला तरंगतं आहे. पण त्याच तेलामुळे खळ धरत नाही, कडा आधी स्पिरिटने पुसाव्या लागतात.

कलमकाडी, देवगड:

ताई, काका, दोघांचे आभार. सुरीचं एक अंग सपाट आहे हे रोज हातात धरून कधी डोक्यात आलं नव्हतं. एक शंका: आमच्या हवेत भाताची खळ टिकते का? झुरळं खातील, पावसात सुटेल.

सुताराची लेक, वेंगुर्ला:

शंका बरोबर आहे. नुसत्या खळीच्या भरवशावर राहू नका. तोंडाशी एक आणि मध्ये एक अशा दोन ठिकाणी उथळ खाचा पाडून वेताची चिरलेली पट्टी ओली करून गुंडाळा, वाळली की ती आवळून बसते. खळ सुटली तरी म्यान उघडणार नाही, आणि उघडायचं असेल तेव्हा वेत कापला की झालं. बाहेरून उंडीच्या तेलाचे दोन हात द्या. आतून तेल अजिबात नको. काजूच्या टरफलाचं तेल कुणी सुचवलं तर ऐकू नका, ते वाशांना ठीक आहे, हाताला फोड येतात.

कलमकाडी, देवगड:

टाके निघाले. शेजारच्या काकांच्या माळ्यावर जुन्या पाळण्याची शिवणीची फळी होती, ती त्यांनी आपणहून दिली. काल रात्री कोरून झाली. पहिल्या काजळीला टोकाजवळ आणि पाठीला मध्यावर असे दोन ठिपके उठले, सातव्या वेळी फक्त तोंडाशी काळं आलं. म्यान उलटं धरलं तर सुरी पडत नाही आणि अंगठ्याने रेटली की निघते. भात घोटायला आई बसली होती, तिने एक शीत राहू दिलं नाही. आता सुंभाने बांधून ठेवलंय, परवा सोडतो. सुरी तोपर्यंत बाबांच्याच फडक्यात आहे.