मदत हवी आहे: उत्पन्न आणि खर्चाच्या आकड्यांची सांगड कशी घालायची?

नमस्कार मंडळी,

विकसनशील देशांतल्या गरिबीची तुलना करणारा लेख लिहायला घेतलाय आणि एका ठिकाणी अडलोय. जागतिक बँकेने जून २०२५ मध्ये दारिद्र्यरेषा दिवसाला माणशी २.१५ डॉलरवरून ३ डॉलरवर नेली. हे डॉलर क्रयशक्तीनुसार, म्हणजे त्या-त्या देशात तेवढ्या पैशात किती वस्तू मिळतात ते बघून काढलेले, बाजारातल्या विनिमय दराचे नव्हेत. इथवर ठीक.

खरा घोळ गरीब किती ते मोजणाऱ्या घरोघरच्या पाहणीत आहे. लॅटिन अमेरिकेतले बहुतेक देश कुटुंबाचं उत्पन्न विचारतात, आफ्रिका-आशियातले बरेचसे खर्च. ज्या शेतकऱ्याचं पीक अजून विकलं गेलेलं नाही, त्याचं त्या महिन्याचं उत्पन्न शून्य लागू शकतं. पण घरच्या धान्यावर चूल पेटतेच, आणि खर्चाच्या पाहणीत ते धान्य धरलं जातं. मग ब्राझील आणि इथिओपियाचे आकडे शेजारी-शेजारी मांडायचे कसे?

बहुआयामी दारिद्र्य निर्देशांक आरोग्य, शिक्षण आणि राहणीमानाचे १० निकष बघतो, तिथे हा पेच नाही. पण पैशाची चणचण त्यात थेट दिसत नाही, आणि मला तीच हवी आहे.

उत्पन्नावरून खर्चाचा अंदाज बांधायची भरवशाची पद्धत कुणी वापरली आहे का? एकाच कुटुंबाला दोन्ही विचारलेली एखादी पाहणी माहीत असेल तर तीही सांगा. चुकीची क्रमवारी छापून लोकांच्या हलाखीवर अन्याय करायचा नाहीये.