किल्टवर हूडी घातली तर नेमकं काय बुडतं?

लीथकर
काल डंडीकरांनी लिहिलंय की ग्लासगोत शुक्रवारी रात्री पोरं काळा किल्ट (स्कॉटिश पुरुषांचा चुण्यांचा घागरा), वर हूडी आणि खाली स्नीकर्स घालून हिंडतात हा त्या पोशाखाचा अपमान आहे, आणि ज्याला क्लॅन, म्हणजे स्कॉटिश घराणं, नाही त्याने किल्टला हात लावू नये, त्यात पदवीदान समारंभाला भाड्याने किल्ट घेणारी आपली मराठी मुलंही आली. रात्रभर तेच डोक्यात घोळत होतं.

अहो, अपमान कुठल्या पोशाखाचा? मूळचा मोठा किल्ट जमिनीवर अंथरायचा, चुण्या घालायच्या, त्यावर आडवं पडून पट्टा आवळायचा आणि उरलेलं कापड खांद्यावर घ्यायचं. म्हणजे तो नेसायचा होता. तुम्ही लग्नाला घालता तो त्याचा खालचा अर्धा भाग, शिवलेला. १७४६ ला कलोडनच्या लढाईत स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातले, म्हणजे हायलँडचे, बंडखोर हरले, १७४७ पासून १७८२ पर्यंत या पोशाखावर बंदी, पहिल्यांदा सापडलात तर सहा महिने कैद, दुसऱ्यांदा सात वर्षं समुद्रापार. मग १८२२ मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिनबर्गला आला आणि कादंबरीकार वॉल्टर स्कॉटने त्याच्या स्वागताला सगळ्यांना टार्टन, म्हणजे चौकडीचं कापड, घालून उभं केलं. घराण्यांना आपापलं टार्टन हवंसं झालं ते त्या सुमाराला, बॅनकबर्नचे विणकर विल्सन्स तर आधीपासूनच नमुन्यांना नावं देऊन कापड विकत होते.

माझा मुलगा १९ वर्षांचा, इथेच जन्मला. शाळेत असताना किल्ट म्हणजे त्याच्या लेखी गुरुवारी भाड्याने आणायचा आणि सोमवारी परत करायचा पोशाख, काखेत टोचणाऱ्या जॅकेटसकट. आता एक साधा करडा घेतलाय, टीशर्टवर घालतो, कॉलेजला जातो. बसमध्ये बसताना मागच्या चुण्या दोन्ही हातांनी सारख्या करून मग बसतो. हे त्याला कोणी शिकवलं नाही. तुम्ही ज्याला अपमान म्हणता ते मला तरी पोशाख पुन्हा अंगावर येणं वाटतं.

डंडीकर
इतिहास मलाही माहीत आहे, मी इथे २६ वर्षं आहे. दोनशे वर्षांपूर्वी ठरलं म्हणून ते खोटं होतं का? दोनशे वर्षांत माणसं त्यात लग्नाला उभी राहिली, त्यातच पुरली गेली. माझ्या शेजारच्या म्हाताऱ्याने बायकोच्या अंत्यविधीला वडिलांचा किल्ट काढला, घडीत डांबराच्या गोळ्यांचा वास, कंबरेला दोन बोटं सैल. तो दारात उभा असताना मी बघितलाय. त्यानंतर मला हूडीवाली पोरं बघवत नाहीत, यात तुम्हाला राग यायचं कारण काय ते कळलं नाही.

जालन्याचा
मला या सगळ्याचंच नवल वाटतं. २३ सप्टेंबर १८०३ ला असईच्या लढाईत शिंदे-भोसल्यांच्या फौजेसमोर इंग्रज सेनापती वेलस्लीच्या बाजूने ७४ वी आणि ७८ वी हायलँडर पलटण होती. माझं गाव तिथून जवळ आहे. आणि आपली मुलं त्यांचाच पोशाख घालून फोटो काढतात!

लीथकर
बंदीच्या काळात पलटणींना तेवढी सूट होती, म्हणजे किल्ट टिकला तो बराचसा सैन्यामुळे, तुमचा मुद्दा तिथवर खरा. पण आजच्या २० वर्षांच्या पोराकडून असईचा हिशेब मागू नका.

चुणीवाली
क्लॅन, पलटण सगळं राहू दे, शिवतो कोण यावर कोणीच बोलत नाही. मी सात वर्षं किल्ट शिवते, आधी मुंबईत ब्लाउज शिवायचे. आठ यार्ड लोकर, प्रत्येक चुणी अशी दुमडायची की मागून बघितलं तर चौकडी जशीच्या तशी जुळली पाहिजे, एक दोरा सरकला की पुढच्या सगळ्या सरकतात मग उसवा. कंबरेपासून नितंबापर्यंत हाताने टाके, खाली पांढऱ्या दोऱ्याने कच्चं घालून वाफ द्यायची. माझ्या उजव्या बोटाला घट्टा पडलाय. आणि पर्यटकांच्या दुकानात ॲक्रिलिकचा लटकलेला असतो, गिऱ्हाईक येऊन मलाच विचारतं तुमचा एवढा महाग का. हूडीने काही बुडत नाही हो, या ॲक्रिलिकने बुडतंय.

स्ट्रॅथक्लाइडचा_पोरगा
ताई, हाताने शिवलेला किल्ट पाचशे पौंडांच्या पुढे जातो, माझं खोलीचं महिन्याचं भाडं तेवढं आहे. मी तोच ॲक्रिलिकवाला घेतला होता. म्हणजे आमच्यामुळे तुमचा धंदा बुडतोय का? डंडीकर म्हणतात क्लॅन नाही म्हणून घालू नको, तुम्ही म्हणता पैसे नाहीत म्हणून घालू नको. सरळ सांगा ना की तुम्ही लोक यायचंच नाही.

चुणीवाली
असं मी म्हटलेलं नाही, माझ्या तोंडी घालू नकोस. मी स्वतः दोन वर्षं भाड्याच्या खोलीत तिघींबरोबर राहिलेय, मला पैशाचं शिकवू नको. राग तुझ्यावर नाही, लोकर म्हणून ॲक्रिलिक खपवणाऱ्यावर आहे. आणि जुना का नाही घेतलास? चॅरिटी शॉपमध्ये लोकरीचे मिळतात. चांगल्या किल्टला खाली दुमड नसते, कापडाची विणलेली कडच खाली येते, ती बघायची. दुमडून शिवलेला दिसला तर बहुतेक वेळा ठेवून द्यायचा. माप नाही बसलं तर पट्टे आणि बक्कल सरकवता येतात, दोन-तीन इंचांचा फरक सहज निघतो. माझ्याकडे १९५० च्या आसपासचा एक आला होता, तीन पिढ्यांच्या बकलांची भोकं त्यावर होती.

डंडीकर
शेजाऱ्याच्या किल्टलाही दुसरीकडे सरकवलेली बक्कलची खूण होती, आत्ता आठवलं.

स्ट्रॅथक्लाइडचा_पोरगा
खरं सांगायचं तर ॲक्रिलिकवाला दोनदा धुतल्यावर पडद्यासारखा झाला. मागच्या महिन्यात एक घेतलाय ४५ पौंडांना, हिरवा-निळा, वजनदार आहे, खाली दुमड नाही, आत्ताच बघितलं. पण कंबरेला घट्ट होतो आणि ते टार्टन कोणाचं आहे मला माहीत नाही.

डंडीकर
हिरवा-निळा असेल तर ब्लॅक वॉच असण्याची शक्यता जास्त, ते पलटणीचं टार्टन, कोणीही घालतं. तेव्हा क्लॅनचं मी म्हटलं ते इथे लागू नाही, एवढं मान्य. हूडीबद्दल माझं मत तेच आहे.

लीथकर
लोकरीवर तुमचा आक्षेप नाही, क्लॅनवर नाही, उरली फक्त हूडी. थंडी किती असते इथे ते तुम्हीच आम्हाला सांगत असता.

डंडीकर
जॅकेट घालावं. ट्वीडचं मिळतं, तेही जुनं मिळतं.

चुणीवाली
पोरा, शनिवारी ये घेऊन, बक्कल सरकवून देते, पैसे नकोत. घालूनच ये, बक्कल माणूस उभा असतानाच लावावं लागतं, नाहीतर मागची चौकडी मधोमध येत नाही. पायात काय घालायचं ते घाल.