मदत हवी आहे: आधी पैसे की आधी चाकू?
नमस्कार मंडळी. काउंटर-स्ट्राइक 2 या व्हिडिओ गेममधला माझा एक चाकू (खरा नाही, गेममधली डिजिटल वस्तू) 22,000 रुपयांना विकायचा आहे. स्टीम या गेमिंग प्लॅटफॉर्मच्या बाजारात विकला तर पैसे स्टीम वॉलेटमध्येच अडकतात आणि मला ते बहिणीच्या फीसाठी हातात हवेत, म्हणून थेट गिऱ्हाईक शोधलं. नाशिकचा मुलगा आहे, बोलायला सरळ वाटतो.

घोडं अडलंय ते इथे. जुलै 2025 पासून ट्रेड (स्टीमवर वस्तू दुसऱ्याच्या खात्यात देणं) झाल्यावर 7 दिवस तो उलटवता येतो. तो म्हणतो, "दादा, मी पैसे दिले आणि तुम्ही सहाव्या दिवशी चाकू परत घेतला तर? आठव्या दिवशी यूपीआय करतो." त्याचंही चूक नाही. पण आठव्या दिवशी चाकू कायमचा त्याचा, मग मी काय करणार? मागे एकदा पैसे पाठवल्याचा खोटा स्क्रीनशॉट बघून गेममधले ग्लोव्हज देऊन बसलो होतो. खात्यात रुपयाही आला नव्हता. ते अजून डोक्यातून जात नाही.

निम्मे आधी, निम्मे आठव्या दिवशी असं कुणी केलंय का? मध्यस्थ घ्यायचा तर तो कसा पारखायचा? त्याने सुचवलेला मला नकोय. स्वतः असा व्यवहार केलेल्यांनी कृपया सांगा, शुक्रवारपर्यंत त्याला उत्तर द्यायचंय.