तात्पर्य विचारलं की मुलं पुस्तक मिटतात

प्रश्न (खानापूर तालुका, चौथीचा वर्ग):
वर्गात 19 मुलं. गोष्ट संपली की मी विचारते, "काय शिकलात?" सगळी एका सुरात, "खरं बोलावं, बाई!" आणि पुस्तक दप्तरात. वाचनाची ओढ लागावी म्हणून काय करता?

उत्तर (निपाणी):
बाई, शेवटाची वाट बघू नका, मधेच थांबा. मी पुण्यकोटी गाईची लोककथा घेतली. कन्नडच्या तासाला मुलांनी ऐकलेली असते, मी ती मराठीत लिहून काढली. वाघ अडवतो, "वासराला पाजून परत येते" असं गाय वचन देते. तिथंच कागद पालथा घातला. "जावं का तिनं परत?" वर्गात नुसता कल्ला! एका पोरीची आई तंबाखूच्या वखारीत कामाला जाते. ती रडकुंडीला येऊन म्हणाली, "सर, वासराला कोण बघणार?" म्हटलं, गोष्टीतच शोध. एरवी अडखळणारी ती, ओळीवर बोट ठेवून दोनदा वाचत गेली. सापडलं! गाय वासराला इतर गाईंच्या हवाली करते. तेव्हापासून एकच नेम: मत सांगायचं तर ओळ दाखवायची.

उत्तर (बेळगाव):
मत घरच्या बोलीत मांडू द्या, कन्नड मिसळलं तरी चालेल. ओळ मात्र पुस्तकातलीच.

प्रश्नकर्ती:
उद्याच करते. पण गप्प बसणारी मुलं?

उत्तर (निपाणी):
दोन डबे ठेवा, 'जावं' आणि 'जाऊ नये'. प्रत्येकानं एकात चिंचोका टाकायचा. बोलणं मागून आपोआप येतं.