टाच दुखते, पण मूळ पोटरीत? ट्रिगर पॉइंट घरी कसे शोधायचे?

पायथा

आईचं वय ५४, रोज सकाळी पर्वती चढून उतरते. दोन महिने उजवी टाच दुखतेय, खालून आणि मागूनही. एक्स-रेत टाचेचं हाड वाढलेलं दिसतंय. टाचेखाली सिलिकॉनची गादी आणि गार पाण्याची बाटली तळव्याखाली फिरवणं, दोन्ही सहा आठवडे करून थोडाच फरक पडला. उतरताना जास्त दुखतं, संध्याकाळी पोटरी दगडासारखी होते. मधुमेह नाही. आता फिजिओथेरपिस्ट म्हणतात की पोटरीत ट्रिगर पॉइंट आहेत. दुखते टाच, मग दाबायची पोटरी का? आणि घरी करायचं तर नेमकं कुठे, किती वेळ, किती जोरात?

देहभान

एक्स-रेचं आधी मनातून काढून टाका. टाचेचं हाड वाढलेलं असूनही टाच कधीच न दुखलेली माणसं भरपूर आहेत.

पोटरीत दोन थर असतात. वरचा गॅस्ट्रोक्नेमियस, तो गुडघ्याच्या वरून निघतो. त्याच्याखाली रुंद, चपटा सोलियस, तो गुडघ्याच्या खालून निघतो. दोघं मिळून टाचेमागची जाड दोरी, म्हणजे अकिलिस टेंडन, होतात आणि टाचेला चिकटतात. पायरी उतरताना वरच्या पायरीवरचा पाय गुडघ्यात वाकतो आणि अंगाचं वजन हळूहळू खाली सोडतो. त्या वेळी सोलियस ताणला जात असतानाच भार पेलत असतो, आणि सवयीपेक्षा जास्त झालं तर स्नायू दुखावतो तो बहुतेक अशाच कामाने. पर्वतीला १०३ पायऱ्या आहेत, त्याही रोज. त्यामुळे चढताना बरं आणि उतरताना दुखतं, हे सोलियसकडेच बोट दाखवतं.

ट्रिगर पॉइंट म्हणजे ताठ झालेल्या स्नायूतला असा दुखरा ठिपका, की तो दाबल्यावर कळ दुसऱ्याच ठरावीक जागी उमटते. सोलियसची कळ टाचेच्या खाली आणि मागे जाते. गॅस्ट्रोक्नेमियसच्या आतल्या फुगवट्याची तळव्याच्या कमानीत जाते, आणि अशा माणसांना रात्री पोटरीत गोळेही येतात. नडगीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूची कळ थेट पायाच्या अंगठ्यात उमटते.

शोधायचं असं: आईंना पालथं झोपवा, घोट्याखाली जाड उशी द्या. गुडघा थोडा वाकला की वरचा थर सैल पडतो. पोटरीचा फुगवटा संपून पाय निमुळता होतो तिथून दोन बोटं खाली आणि मधल्या रेषेच्या किंचित आत, अंगठ्याने आडवं चाचपा, सतारीची तार छेडावी तसं. सुतळीसारखी दोरी हाताला लागेल आणि तिच्यावर एखादी फार दुखरी जागा. ती दाबून ८-१० सेकंद थांबा आणि विचारा, कळ कुठे गेली? त्यांनी टाच दाखवून "हेच ते रोजचं" म्हटलं, तर जागा सापडली. नुसतं "इथे दुखतंय" याला फारसा अर्थ नाही, कारण जोरात दाबली तर कुणाचीही पोटरी दुखते.

दाब दहापैकी पाच दुखेल एवढाच. श्वास रोखावा लागला तर तो जास्त झाला. ३० ते ६० सेकंद धरा, कळ निम्मी झाली की सोडा. दीड मिनिटात उतरली नाही तर त्या जागेला त्या दिवशी पुरे. एका पोटरीत तीन-चार जागा, दिवसातून दोनदा. स्वतः करायचं असेल तर जमिनीवर बसून पोटरीखाली टेनिस बॉल घ्यावा. तो घरंगळतो, म्हणून जुन्या मोज्यात घाला. सीझन बॉल नको, पोटरी काळी-निळी पडते.

मग १० मिनिटं गरम पाण्याची पिशवी आणि लगेच ताण. इथे बहुतेक जण चुकतात. भिंतीला हात टेकून मागचा गुडघा सरळ ठेवला, तर ताण वरच्या थरालाच जास्त बसतो. सोलियससाठी मागची टाच जमिनीला टेकलेली ठेवून तोच गुडघा वाकवायचा. ३० सेकंद, तीन वेळा.

दोन जागा दाबायच्याच नाहीत. एक, गुडघ्यामागची खळगी. दुसरी, गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला हाडाचा गोटा लागतो त्याच्या लगेच खाली. तिथे नस अगदी कातडीलगत आहे, पावलावर मुंग्या येतात.

चालता_बोलता

पोटरीला हात लावण्याआधी एक तपासणी हवी, ती वर राहून गेली. मापाची टेप घ्या. गुडघ्याखाली नडगीचा उंचवटा लागतो, त्याच्याखाली १० सेंटिमीटरवर दोन्ही पोटऱ्यांचा घेर मोजा. दुखरी पोटरी दुसरीपेक्षा ३ सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त भरली, किंवा गरम, लाल, सुजलेली असली, तर चोळणं-दाबणं बंद आणि त्याच दिवशी डॉक्टर. आत रक्ताची गुठळी असू शकते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा शिरा फुगलेल्या असतील तरी स्वतः दाबू नका.

बाकी गल्लत होते ती अशी. दोन्ही तळपायांची रात्री आग होत असेल तर साखर आणि बी-१२ तपासा. ठरावीक अंतर चालल्यावर पोटरी भरून येऊन दोन मिनिटं थांबलं की बरी होत असेल, तर प्रश्न रक्तपुरवठ्याचा. सकाळचं पहिलं पाऊल टाकताच टाचेच्या आतल्या कडेला सुरी खुपसल्यासारखं होत असेल, तर तळव्याच्या पट्ट्याचा म्हणजे प्लांटर फॅशियाचा त्रास. हा आणि पोटरीचा ताठपणा पुष्कळदा एकत्रच नांदतात.

आणि एक स्पष्ट सांगतो. ट्रिगर पॉइंटच्या आत नेमकं काय घडतं यावर अजून वाद आहे. एकच पोटरी दोन जाणकारांनी चाचपली तरी बोट वेगवेगळ्या जागी पडतं. दाबल्याने आराम पडतो, पण पोटरीची ताकद तेवढीच राहिली तर गाठ परत येते. म्हणून टाचा उचलायचा व्यायाम हवाच. पायरीच्या कडेवर उभं राहायचं, बोटांखाली टॉवेलची गुंडाळी, कठड्याला हात. ३ सेकंदांत वर, २ सेकंद थांबा, ३ सेकंदांत खाली. १२ वेळा, तीन फेऱ्या, एक दिवसाआड. पहिले दोन आठवडे दोन्ही पायांवर, मग एका पायावर. दुसऱ्या सकाळी दुखणं वाढलेलं असेल तर एक फेरी कमी करा. रोज करू नका, भरून यायला मधला दिवस लागतो.

पायथा

मोजलं. डावी पोटरी ३५, उजवी साडेपस्तीस, सूज नाही. सांगितलेल्या जागी दाबल्यावर कळ टाचेच्या मागे गेली. पर्वती बंद करायची का? आणि घरात घालायला काय?

घाटवाट

पूर्ण बंद नको. तीन आठवडे अर्ध्यापर्यंत, एक दिवसाआड. उतरताना कठडा धरून, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय आणत.

एक माप दर आठवड्याला घ्या. अनवाणी, अंगठा भिंतीपासून १० सेंटिमीटरवर, टाच न उचलता गुडघा भिंतीला लावायचा. नाही लागला तर पाऊल पुढे सरकवून किती अंतरावर लागतो ते लिहून ठेवा, दोन्ही पायांचं. उजवीकडे डाव्यापेक्षा दोन सेंटिमीटर कमी भरलं तर घोटा आखडलेला आहे. फरक भरून निघाला की पर्वतीवरचं अंतर वाढवा, आधी नाही.

घरात सैल रबरी स्लिपर नको. ती निसटू नये म्हणून बोटं सतत आवळली जातात आणि पोटरीतल्या खोल स्नायूंना आराम मिळत नाही. मागे पट्टा असलेली, एक-दोन सेंटिमीटर टाच असलेली सँडल घ्या. एकदम सपाट कोल्हापुरी सध्या बाजूला ठेवा, सपाट तळ असला की आखडलेली पोटरी प्रत्येक पावलाला खेचली जाते.

रात्री पाऊल पांघरुणाच्या वजनाने खाली ताणलेलं राहतं, म्हणजे पोटरी आखडलेलीच. पायथ्याशी पांघरूण सैल सोडा. आणि खुर्चीची कड पोटरीत रुतत असेल तर पायांखाली पाट घ्या.